एडनाबाईंची गाणी आणि रेश्माचा गळा

५ एप्रिल, रविवार

फोटो लागला! कडेगावच्या स्टँडवर, रसवंतीच्या वर, दाराएवढा. धनाजीनं मला मुद्दाम गाडीवर बसवून दाखवायला नेलं. मिलिटरीतनं सुटून सहा वर्षं झाली माझ्या लेकाला, पण गाडी अजून लढाईवर निघाल्यासारखीच पळवतो. मी डोळे मिटूनच बसले होते. उघडले तर समोर आमची रेश्मा! लाल झगा, डोळे मिटलेले, तोंड उघडं. मागं त्या एडनाबाईंचा काळा-पांढरा फोटो. त्यांचंही तोंड तसंच. दोघी मिळून कुणाला तरी एकच हाक मारताहेत असं वाटलं. मला आनंदानं रडूच आलं.

तेवढ्यात रसवाला म्हणाला, "आजी, तुमची नात व्हय? लय देखणी हाय. गळा बी तसाच आसंल की!" आणि ऊस घालायचा थांबून बघतच राहिला. झालं! एष्टीतनं उतरणारं एकेक माणूस वर बघतंय. दिवसाला किती डोळे लागत असतील तिला! आणि गाण्याचा कार्यक्रम २५ तारखेला. अजून वीस दिवस.

येताना धनाजीला म्हटलं, फोटो काढून टाक बाबा. तर म्हणाला, "आई, फोटो बघितल्याबिगर माणसं येतील कशी?"

तेही खरं.

७ एप्रिल, मंगळवार

एडनाबाई कोण ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं माझी मीच विसरायची. धनाजी नोकरीत शिलाँगला होता. तिकडनं येताना बाकीचे जवान लोकरीचे स्वेटर आणायचे, यानं एक कॅसेट आणली. त्यावर ही बाई. अमेरिकेची, काळी, गरिबाघरची. लहानपणापासून त्यांच्या चर्चात गायची. वारून तीस वर्षं झाली. एडना रे का काहीतरी पुढं लांबलचक नाव आहे, मी आपलं एडनाबाई म्हणते. रेश्मा रांगत होती तेव्हापासनं ती कॅसेट या घरात वाजतेय. घासाला तोंड उघडायची नाही, पण एडनाबाई लागली की आ! मी पटकन घास घालायची. पोर त्या गाण्यावरच वाढली म्हणा ना.

तसल्या गाण्याला तिकडं सोल म्हणतात. सोल म्हणजे आत्मा, असं रेश्मा सांगते. मला इंग्रजी कळत नाही. पण मयताच्या घरी बाया गळा काढतात ना, तसं ते गाणं सुरू होतं आणि मधेच वरातीत शिरल्यासारखं नाचायला लागतं. दोन्ही एकाच दमात कसं जमतं त्या बाईला!

तर आता सांगलीच्या नाट्यगृहात एडनाबाईंच्या आठवणीचा कार्यक्रम. दोन तास नुसती त्यांचीच गाणी, आणि गाणार आमची रेश्मा. वाजवणारी पोरं कराडच्या इंजिनिअर कॉलेजातली. पुण्याचा एक माणूस ऐकायला येणार आहे. आवडलं तर पावसाळ्यानंतर बारा गावांत हाच कार्यक्रम लावतो म्हणालाय. यासाठी तिनं शिरवळच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडली. दीपमाला, म्हणजे माझी सून, आठ दिवस जेवली नव्हती. आता तीच पोरीच्या झग्याला फॉल लावत बसलीय. झग्याला फॉल लावतात का?

९ एप्रिल, गुरुवार

मिळमिळीत आमटी. परवाही तीच. रेश्माचा गळा आधीपासनंच नाजूक. मिरजेच्या घशाच्या डॉक्टरनं सांगितलंय: धूर नको, धूळ नको, तळण नको, ठसका लागेल असं काही नको. म्हणून दीपमाला फोडणीत मिरचीच घालत नाही. धनाजी म्हणतो, "काश्मीरात बर्फात बसून खाल्लं तरी हिच्यापेक्षा तिखट मिळायचं." दीपमाला म्हणाली, "मग जावा परत." मी पदरात हसले.

आतल्या खोलीत रेश्मा गाते. आवाज बाहेर जाऊ नये, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तिन्ही खिडक्यांवर मी शिवलेल्या जाड वाकळा ठोकल्यात. चांगल्या तीन वाकळा! एक तर तिच्या बारशाची. पण गाणं वाकळेतनंही येतंच. मी भिंतीला कान लावून बसते. हे कुणाला सांगत नाही.

१२ एप्रिल, रविवार

आज कराडची पोरं आली होती, आमच्या बाहेरच्या सोप्यात तालीम केली. गिटारवाला शिवतेज, केस बाईसारखे लांब, पण वळणाचा आहे. आल्या आल्या पाया पडला.

एक गाणं मला लय आवडतं. रेश्मानं अर्थ सांगितला. बाई म्हणते, तू गेलास, ठीक आहे. आता परत येतोयस, तेही ठीक. पण चोरासारखा मागच्या दारानं येऊ नकोस. पुढच्या दारानं ये, सगळ्या गल्लीला बघू दे. काय बाई आहे! शेवटी 'पुढच्या दारानं' म्हणताना आवाज वर, वर, वर जातो आणि तिथंच थांबतो, घार थांबते तसा. तिथं पोचली नाही तर?

शेजारची सुलाबाई पण ऐकायला आली. पन्नास वर्षांची माझी मैत्रीण, मधे एकच भिंत. ऐकता ऐकता डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "साळे, कळालं काय बी न्हाई गं. पण माजा दादला आठवला." मग जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "एवढी गुणाची पोर, आन एकदा बी दिष्ट काढली न्हाईस. आज्जी हाईस का कोण?"

दिवसभर तेच डोक्यात.

१३ एप्रिल, सोमवार

रेश्माला नुसतं विचारलं. तर हातच जोडले तिनं. "आजी, मिरच्या-बिरच्या काही जाळायच्या नाहीत! धूर चालत नाही मला. शपथ घे." घेतली शपथ. तिच्याच गळ्याला हात लावून घेतली.

म्हणाली, "शिकलीसवरलेली मी. असल्यावर माझा विश्वास नाही."

शिकल्यासवरल्यांना लागत नाही काय दृष्ट? उलट जास्तच लागते.

१७ एप्रिल, शुक्रवार

अमावस्या. सकाळपासनं तिचा आवाज बसल्यासारखा वाटतोय. का मलाच वाटतोय?

१९ एप्रिल, रविवार

मला एकटीला नाही वाटलं. शिवतेज पण म्हणाला, वरचा सूर आज लागला नाही. रेश्मा हसली, "दमलेय रे." पण हसताना तिनं गळ्यावर हात ठेवला. मी बघितलं.

लहानपणी माझी थोरली बहीण अशीच वाळत गेली होती. सगळे म्हणायचे काही नाही, उन्हाळा आहे. उन्हाळा नव्हता तो. नको ती आठवण.

सहा दिवस.

२१ एप्रिल, मंगळवार

आज लिहवत नाही.

२२ एप्रिल, बुधवार

लिहिते. कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि माणसाला सांगायची माझी छाती नाही.

काल मंगळवार, दृष्ट काढायचा वार. दिवेलागणीची वेळ. धनाजी सांगलीला नाट्यगृहात गेलेला, दीपमाला दळण आणायला. रेश्मा कराडहून येऊन आतल्या खोलीत झोपली होती, एका कुशीवर, हात उशाखाली, पहिलीला होती तेव्हा झोपायची तश्शी. मी म्हटलं, एवढासा धूर. उठायच्या आत निघून जाईल. तिला कळणारही नाही. आणि गळा सुटेल.

बंबातले इंगळ खापरात घेतले. मीठ, मोहरी, सात मिरच्या मुठीत धरून तिच्यावरनं सात वेळा उतरवल्या. अलाय बलाय, घरच्याची दारच्याची, वाटंच्या वाटसराची, स्टँडवरच्या रसवाल्याची सुद्धा! सगळ्यांची नावं घेतली. आणि टाकल्या खापरात.

नाकातोंडात जाणारा मिरचीचा खाट आलाच नाही.

जिला दृष्ट असते तिच्या मिरच्यांना खाट येत नाही, हे शेंबड्या पोराला पण माहीत आहे. सात मिरच्या जळून कोळसा झाल्या आणि साधी शिंक नाही! एवढी? एवढी लागलीय माझ्या पोरीला? मी स्वैपाकघरात पळाले, दुसऱ्या डब्यातनं मूठभर आणल्या, परत उतरवल्या, टाकल्या, वर फुंकर मारली.

मग आला. देवा, असा आला की मला दिसेना. खोली भरून गेली. खिडकी उघडायला गेले तर वाकळ! दुसरी, तिथंही वाकळ! खिळे मारून पक्क्या बसवलेल्या, माझ्याच टाक्याच्या. रेश्मा उठून बसली ती खोकतच. खोकून खोकून काळीनिळी पडली पोर. मी खापर पदरात धरून परसात पळाले, उकिरड्यावर उलथं केलं. हात भाजला ते आत्ता कळतंय.

आज सकाळी डबे बघितले. पहिल्या डब्यात ब्याडगी होती. दीपमालानं रेश्मासाठी आणलेली, रंगापुरती. ब्याडगीला कुठला आलाय खाट! दुसऱ्या डब्यात लवंगी. चष्मा लावला असता तर...

रेश्माचा आवाज गेला. नुसती हवा येते तोंडातनं.

आणि पुढचं लिहायलाही लाज वाटते. दीपमाला दळण घेऊन आली तेव्हा घरभर खाट. तिनं नाक धरलं आणि तडक भिंतीकडं गेली. काल सकाळपासनं सुलाबाईचा कांदा-लसूण मसाला चालला होता ना! अंगणात चूल मांडून मिरच्या भाजत होती, खोबरं भाजत होती. दीपमाला ओरडली, "आवं सुलामावशी, पोरीचा कार्येक्रम चार दिसावर आलाय, ठावं न्हाई व्हय तुमाला? ह्येच चार दिस घावलं मसाल्याला?"

सुलाबाई म्हणाली, "आगं, सकाळीच भाजून झाल्यात. ह्यो आमचा न्हवं..."

"मग कुणाचा? आमी तर फोडणीला बी मिरची लावत न्हाई घरात!"

सुलाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी तुळशीपाशी उभी होते. मी खाली बघितलं.

२३ एप्रिल, गुरुवार

मिरजेला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाला आतून सूज आहे, लालभडक. तीन दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. वाफ, गोळ्या. "येईल आवाज?" धनाजीनं विचारलं. डॉक्टर म्हणाला, "बोलायला येईल. गायचं मी सांगू शकत नाही." आणि विचारलं, कशाच्या धुरानं? दीपमाला म्हणाली, शेजारच्या मसाल्याच्या. मी भाड्याच्या गाडीतच बसून होते, पण खिडकी उघडी होती दवाखान्याची. ऐकू आलं.

धनाजी म्हणाला, पुढं ढकलू. रेश्मानं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं – नाही. दोनदा रेघ मारली खाली.

दुपारी सुलाबाई आली. मागच्या दारानं, गपचीप. डोळे सुजलेले. मसाल्याचं सगळं सामान टोपलीत घालून मळ्यातल्या वस्तीवर नेऊन ठेवली म्हणे, राहिलेला तिथंच कुटणार. माझा हात धरून म्हणाली, "साळे, मी आठवून बघितलं गं. संध्याकाळी चुलीत निखारं हुतंच. काय मिरच्या पडल्या आसतील त्यात. माज्याच हातनं झालं आसंल."

आणि मी – मी काय केलं? मी म्हटलं, "जाऊ दे सुले, मुद्दाम का केलंस तू."

मी असं म्हटलं! माफ केलं मी तिला!

जीभ का झडली नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

रेश्मा वाफ घेते, पाणी पिते, भिंतीकडं तोंड करून पडते. सात वेळा देवाला म्हणाले, माझा आवाज घे. या वयात मला काय करायचाय तो? नुसती बडबड तर करते.

संध्याकाळी धीर केला. तिच्या उशाशी बसले. म्हटलं, "रेश्मा, मंगळवारी तो धूर..." तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. दुसरा हात स्वतःच्या ओठावर. म्हणजे बोलायचं नाही. मला वाटलं डॉक्टरनं सांगितलंय म्हणून. पण गप्प बसायला तर तिला सांगितलंय, मला कुठं?

उद्या.

२५ एप्रिल, शनिवार

सकाळी सहाला मोरीतनं आवाज आला. आधी वाटलं पाण्याचा नळ. रेश्मा होती! आला! पण अर्धाच. खालचा. वरती जिना तुटल्यासारखा.

आता निघतोय सांगलीला. सुलाबाईच्या दाराला कडी, वस्तीवरच राहिलीय म्हणे.

२६ एप्रिल, रविवार

पायात गोळे आलेत, तरी सगळं लिहूनच उठणार.

नाट्यगृह पाऊण भरलं. त्यातल्या पुढच्या दोन रांगा धनाजीच्या. सगळे निवृत्त फौजी, कोट, छातीवर पदकं, एप्रिलच्या उन्हात! त्यानं त्यांना काय सांगून आणलं देव जाणे. स्टेजवर एडनाबाईंचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार. पडदा उघडला आणि फोटो बघितल्याबरोबर फौजी सगळे उठून सावधानमध्ये उभे राहिले, मयताला राहतात तसे! त्यांचं बघून मागचे पण उठले. रेश्मा आत आली तर सगळं थेटर उभं, गप्प. ती बिचारी घाबरून शिवतेजकडं बघायला लागली. मग दोन मिनिटं तीही हात जोडून उभी राहिली. एडनाबाईंना सांगलीत श्रद्धांजली मिळाली, अमेरिकेत तरी मिळाली असेल का अशी!

आणि त्यात मला दिसलं, कुणीतरी भल्या माणसानं फोटोपुढं उदबत्त्या लावलेल्या. मूठभर! धूर सरळ माईककडं. मी उठले, पायऱ्या चढले, सगळ्या लोकांसमोर स्टेजवर गेले आणि बोटांनी एकेक उदबत्ती विझवली. आधीच भाजलेला हात. धनाजी खालनं "आई! आई!" करतोय. करू दे. लोकांना वाटलं हा पण कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या वाजवल्या!

पहिली दोन गाणी खालच्या आवाजात होती, निभावली. तिसऱ्याला खरखर आली. चौथं ते पुढच्या दाराचं. मी दीपमालाचा हात धरला. सूर वर निघाला, वर, वर, आणि तिथं... काही नाही. नुसतं उघडं तोंड. स्टँडवरच्या फोटोतल्यासारखं. वाजवणारे वाजवत राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मागं कुणीतरी हसलं. दीपमाला म्हणाली, "आत्या, मला बघवंना." मला तर बघायलाच पाहिजे होतं. मी केलेलं होतं ते.

रेश्मानं हात वर केला. वाजवणं थांबलं. पाणी प्याली. माईकमध्ये म्हणाली, अगदी घोगरं, "गळा साथ देत नाही. खालनं गाते. चालेल का?"

फौजींतला एक ओरडला, "चालंल, ताई! हितंच हाय आमी!"

मग ती खालनं गायली. वरचा सूर घेतलाच नाही, तिथं नुसती थांबली, आणि शिवतेजनं गिटारीवर तेवढाच एक सूर धरला. त्या दोन तासांतली चार गाणी गाळली. मध्यंतरानंतर बरेच लोक परतले नाहीत. जे राहिले ते शेवटपर्यंत राहिले. छान झालं असं मी लिहिणार नाही. ती सुखरूप उतरली एवढं झालं.

पुण्याचा माणूस जाताना म्हणाला, "आराम करा. बघू, फोन करतो." धनाजी म्हणतो करणार. दीपमाला म्हणते करत नसतो. रेश्मा येताना सांगलीपासनं घरापर्यंत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. मला त्या डोक्याचं वजन सहन होईना.

२७ एप्रिल, सोमवार

आज सांगून टाकलं. खापर, ब्याडगी, लवंगी, सगळं. पायाच पडले असते पोरीच्या.

तिनं ऐकलं. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "आजी, मी जागीच होते. तू उतरवत होतीस तेव्हा मुद्दाम डोळे मिटून पडले. दृष्टीची मला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती गं. खाट येईना तेव्हा तर माझं काळीजच गळालं. तू दुसरी मूठ आणायला गेलीस, तेव्हा उठून नको म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. सुलाआजीवर आलं तेव्हाही मी वहीत काहीच लिहिलं नाही."

मी उठून चष्मा घेतला, तिनं दाराची कडी काढली.

आता मळ्यातल्या वस्तीवर निघालोय, सुलाबाईकडं, खरं काय ते सांगायला. रेश्मा म्हणते, बोलायचं मी. मी म्हटलं, नाही बाई, तुझा गळा.